पोरांना ‘का?’ विचारायला शिकवणारे प्रिन्सिपल : गोपाळ गणेश आगरकर

शहाड स्टेशनवरून रोज सकाळी मुलामुलींचे घोळके कॉलेजला निघतात. कुणी कल्याणच्या बिर्ला कॉलेजला, कुणी उल्हासनगरच्या सीएचएमला. यातल्या ज्यांनी मुंबई विद्यापीठातून पहिलं वर्ष केलंय, त्यांना एक विषय नक्की आठवत असेल. फाउंडेशन कोर्स, म्हणजेच एफसी. आर्ट्स असो, कॉमर्स असो की सायन्स, तो सगळ्यांना सक्तीचा होता. समाज म्हणजे काय, माणसामाणसांत भेद का, हक्क कुठून येतात, ताणतणावात कसं वागायचं, असे मोठमोठे प्रश्न त्यात असायचे. आणि बहुतेकांनी तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून काढला.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यावर मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी नवी नावं आली. कल्पना मात्र जुनीच आहे. कॉलेजात आलेल्या पोराला डॉक्टर, वकील, कारकून करण्याआधी माणूस म्हणून चार मूलभूत प्रश्नांपुढे उभं करायचं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, असा एक सक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो आजही चालू आहे.

पण आपल्याकडे ही चर्चा त्याच्या कितीतरी आधी झाली होती. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाने एक शिफारस केली. नैसर्गिक धर्माच्या तत्त्वांवर एक नीतिपाठाचं पुस्तक तयार करावं आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांत प्रिन्सिपलने किंवा एखाद्या प्राध्यापकाने दर सत्रात प्रत्येक वर्गाला माणसाची आणि नागरिकाची कर्तव्यं या विषयावर व्याख्यानं द्यावीत. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या कल्पनेविरुद्ध आपलं मत नोंदवलं. ते पुस्तक काही निघालं नाही.

हा आयोग साक्षी घेत हिंडत होता, तेव्हा एक २६ वर्षांचा मास्तर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात बसला होता. पुढे तो एका कॉलेजचा प्रिन्सिपल झाला. माणसाची कर्तव्यं कोणती, हा प्रश्न पुस्तकातून शिकवण्याऐवजी त्याने तो स्वतःच्या आयुष्यावर चालवून पाहिला.

त्यांचं नाव गोपाळ गणेश आगरकर. मुंबईकरांना ते अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकामुळे माहीत असतात, म्हणजे रिक्षा मिळण्याची जागा म्हणून. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेशीही त्यांचा काही संबंध नाही, ते आघारकर वेगळे. पण नावांची गल्लत इतकी सर्रास होते की सांगितलेलं बरं.

टेंभूचा पोरगा

१४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावात गोपाळचा जन्म झाला. घरात गरिबी अशी की शिकायचं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे. कराडला आजोळी थोडं शिक्षण झालं, मग ते थांबलं. कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायला मिळेल म्हणून कराडहून रत्नागिरीपर्यंत चालत गेला. तिथे जम बसला नाही, परत आला. अखेर नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला पोहोचला आणि १८७५ मध्ये तिथून मॅट्रिक झाला. अकोल्यात विष्णू मोरेश्वर महाजनी हे शिक्षक त्याच्या पाठीशी उभे राहिले.

तिथून पुण्याचं डेक्कन कॉलेज. तेव्हा दौंड-मनमाड लाईन झालेली नव्हती. त्यामुळे अकोल्याहून रेल्वेने पुण्याला यायचं तर भुसावळ, नाशिक, कसारा करत कल्याण गाठायचं आणि तिथे दिशा बदलून बदलापूर-कर्जतवरून घाट चढायचा, हाच रस्ता होता. म्हणजे आज शहाडची पोरं ज्या रुळांच्या कडेला लोकलची वाट बघतात, त्याच मार्गाने तेव्हाची वऱ्हाडातली हुशार मुलं पुण्याकडे जात.

कॉलेजात आगरकरांकडे एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन ते सकाळी घालत, अशी आठवण सांगितली जाते. शिष्यवृत्त्या, वक्तृत्वाची बक्षिसं, वर्तमानपत्रांत लिहून मिळालेले पैसे यांवर शिक्षण चाललं. त्यांनी विषय घेतले इतिहास आणि तत्त्वज्ञान. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे इंग्रज लेखक त्यांनी नुसते वाचले नाहीत, पचवले. मिलकडून त्यांनी घेतलं ते असं, की कुठलीही गोष्ट ती जुनी आहे किंवा सगळे तसं करतात एवढ्यावरून खरी ठरत नाही. स्पेन्सरकडून घेतलं ते असं, की चालीरीती आकाशातून पडत नाहीत. त्या समाजात हळूहळू तयार होतात, आणि तयार झालेली गोष्ट बदलताही येते.

डेक्कन कॉलेजातच त्यांना एक मित्र मिळाला, बाळ गंगाधर टिळक. दोघे टेकड्यांवर फिरत आणि देशाचं काय करायचं यावर तासन्‌तास बोलत. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं, हे तिथे ठरलं.

आईला लिहिलेलं पत्र

आगरकरांचं एक पत्र महाराष्ट्रात फार प्रसिद्ध आहे. मुलगा एम.ए. होणार, आता मोठ्या पगाराची नोकरी लागणार, आपले पांग फिटणार, अशी आशा आई बाळगून होती. ज्या घराने इतकी वर्षं ओढ काढली त्या घराची ती रास्त अपेक्षा होती. आगरकरांनी तिला आधीच कळवून टाकलं की फार पैशाची आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळालं की मी त्यात समाधान मानेन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावेन.

शाळेच्या पुस्तकांत हे पत्र त्यागाचं उदाहरण म्हणून येतं. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. हा निर्णय फुकटचा नव्हता आणि त्याची किंमत एकट्या आगरकरांनी मोजली नाही. आईने मोजली, पत्नी यशोदाबाईंनी मोजली. माणसाचं पहिलं कर्तव्य घराला की समाजाला, हा नीतिशास्त्राच्या पेपरात दहा मार्कांना येणारा प्रश्न आहे. इथे तो एका गरीब घरात खराखुरा आला होता आणि त्याचं कुठलंही उत्तर कुणाला तरी दुखावणार होतं. आगरकरांनी निदान आईला अंधारात ठेवलं नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. एम.ए. झाल्यावर आगरकर तिथे रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे पहिले संपादक झाले आगरकर. टिळकांच्या नावाशी ‘केसरी’ इतका जोडला गेलाय की हे अनेकांना ठाऊक नसतं. १८८७ पर्यंत, म्हणजे जवळपास सात वर्षं, संपादक आगरकर होते.

डोंगरीचे १०१ दिवस

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा दिवाण माधवराव बर्वे छळ करतो, असे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापले. पुरावा म्हणून जी पत्रं पुढे आली, ती बनावट निघाली. बदनामीचा खटला उभा राहिला. खटल्यात जामीन हवा होता, रक्कम दहा हजार. ती भरायला पुढे आले रामशेठ उरवणे आणि त्यांना तयार केलं होतं जोतीराव फुल्यांनी. चिपळूणकरांच्या लेखणीने फुल्यांवर किती बोचरी टीका केली होती हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या मदतीचं मोल कळेल.

जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. थोडी सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला ते सुटले. त्याच ऑक्टोबरात फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन दिलं होतं. त्यांची तक्रार अशी की सरकार वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर पैसा घालतं आणि तो पैसा ज्या शेतकऱ्यांकडून येतो त्यांची पोरं प्राथमिक शाळेतही पोहोचत नाहीत.

तुरुंगात दोन मित्र एकाच खोलीत. करायला काही नाही, रात्र मोठी. दोघे वाद घालत बसत. आधी काय, राज्य मिळवायचं की समाज सुधारायचा? आपला समाज असा का झाला? परक्या सरकारच्या कायद्याने आपल्या रूढी बदलाव्यात का? आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. आगरकरांनी पुढे या दिवसांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तुरुंगातल्या खाण्यापिण्यापासून सगळं आलंय.

याच सुमारास त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं, ‘विकारविलसित’. ते १८८३ मध्ये आलं. हॅम्लेट म्हणजे कोण? विद्यापीठातून घरी आलेला एक तरुण. घरी बघतो तर बाप मेलाय, आईने दुसरं लग्न केलंय, सगळे म्हणतायत की हे असंच असतं, आणि याला ते पटत नाही. जगावं का, सूड घ्यावा का, मेल्यानंतर काय, यात तो अडकतो. आगरकरांनी भाषांतराला हेच नाटक निवडलं, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. फरक एवढाच की हॅम्लेट शेवटपर्यंत घुटमळत राहिला. आगरकरांचा तो स्वभाव नव्हता.

फर्ग्युसनचा वर्ग

ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेजचं उद्घाटन झालं. उद्घाटक होते एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल वर्ड्स्वर्थ, कवी वर्ड्स्वर्थचे नातू. संस्थेच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं अल्प पगारावर शिकवायचं, असा नियम होता. तो पगार पुढे महिना ७५ रुपये होता. एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळत.

आगरकर इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र शिकवत. याच काळात त्यांनी ‘वाक्यमीमांसा’ नावाचं व्याकरणाचं पुस्तक लिहिलं. वाक्य फोडायचं, कर्ता कोण, कर्म कोण, कोण कुणावर अवलंबून, हे बघायचं. वरकरणी कोरडा विषय. पण आगरकरांचे सामाजिक लेख वाचले की कळतं की ते रूढींचंही असंच पृथक्करण करत. विधवेचं केशवपन घ्या. हे कोण करतं, कुणावर करतं, कुणाच्या सोयीसाठी, आणि ज्या शास्त्राचा आधार सांगता ते शास्त्र कुणी रचलं? सोवळं, देवदेवतांची कल्पना, बायकांचे कपडे, मुलींचं शिक्षण, सगळ्याला तीच पद्धत. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकाच वर्गात बसवून, हे त्यांनी १९ व्या शतकात पुण्यात मांडलं.

इथेच त्यांची आणि हंटर आयोगाच्या नीतिपाठाची वाट वेगळी होते. आयोगाला नीतीच्या खाली धर्माची बैठक हवी होती, सर्वांना चालेल अशी सौम्य का होईना. आगरकरांचं म्हणणं असं की नीतीला धर्माच्या टेकूची गरज नाही. माणसाचं सुख कशाने वाढतं आणि दुःख कशाने कमी होतं, हे बुद्धीने तपासा. देव बघतोय म्हणून चांगलं वागणारा माणूस आणि समोरच्याला दुखतंय हे कळतं म्हणून चांगलं वागणारा माणूस, यांतला दुसरा त्यांना हवा होता. परलोक आहे की नाही हे ज्ञात नाही, तेव्हा इहलोकाचं बघा, अशी त्यांची अज्ञेयवादी भूमिका होती.

आता विचार करा, हे लिहिणाऱ्या माणसाच्या वर्गात कोण बसलं होतं? ज्यांच्या घरात रोज सोवळं पाळलं जाई, लहानपणीच मुलींची लग्नं होत, अशाच घरांतली मुलं. त्यांची फी भरणारे बाप तेच, ज्यांच्यावर मास्तर टीका करत होते. कॉलेज संस्थानिकांच्या आणि प्रतिष्ठितांच्या देणग्यांवर उभं. प्राध्यापकाच्या मतांमुळे उद्या मुलं आली नाहीत तर? ही भीती काल्पनिक नव्हती.

मैत्री तुटली

टिळक-आगरकरांचा डोंगरीतला वाद आता वर्तमानपत्रांत आला. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला होते विशीतले गोपाळ कृष्ण गोखले. १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. त्यात पैशाचे, नियमांचे, स्वभावाचे अनेक वाद मिसळले होते, सगळा दोष विचारांवर टाकता येणार नाही.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारा. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या बारावरही महाराष्ट्रात वादळ उठलं. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. कायद्याशिवाय ज्या पोरींचं रक्षण होणार नाही त्यांनी समाज शहाणा होईपर्यंत थांबायचं का, हा आगरकरांचा सवाल. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, असं सांगतात.

सुधारकांमध्ये बोलणं आणि वागणं यांचा मेळ बसवणं किती अवघड होतं, हे न्यायमूर्ती रानड्यांच्या उदाहरणावरून दिसतं. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. पण पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे झुकून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. रानडे लहान माणूस नव्हते. उलट एवढा मोठा माणूस वाकतो, यावरून वाकवणाऱ्या घराची ताकद कळते.

आगरकरांचीही मर्यादा होती. त्यांची बहुतेक लढाई पांढरपेशा ब्राह्मणी घरातल्या बाईसाठी आणि त्या घराच्या चुकीच्या समजुतींविरुद्ध होती. जातीच्या उतरंडीवर त्यांनी लिहिलं, पण फुल्यांनी आयोगापुढे ठेवलेला प्रश्न, म्हणजे या वर्गाच्या दारापर्यंत ज्यांना येताच येत नाही त्यांचं काय, हा फर्ग्युसनच्या भिंतींच्या आत फारसा ऐकू येत नव्हता.

प्रिन्सिपल

ऑगस्ट १८९२ मध्ये पहिले प्रिन्सिपल वामन शिवराम आपटे वारले. संस्कृत-इंग्रजी कोशवाले तेच हे आपटे. त्यांच्या जागी आगरकर आले. ज्याची प्रेतयात्रा गावाने काढली तो आता गावातल्या नामांकित कॉलेजचा प्रमुख.

या पदाची परीक्षा लवकरच झाली. टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली होती आणि तिथे धोंडो केशव कर्वे आले होते. मार्च १८९३ मध्ये विधुर कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कॉलेजने मात्र त्यांना ठेवलं आणि पुढे १९१४ पर्यंत ते तिथे गणित शिकवत राहिले. मुलींसाठीचं त्यांचं सारं काम याच नोकरीच्या आधाराने उभं राहिलं.

याच वर्षांत तिथे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नावाचा कोकणातला मुलगा शिकत होता. तो पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, फर्ग्युसनचा प्रिन्सिपल झाला आणि जन्मभर उघडपणे बुद्धिवादी राहिला.

आगरकरांना दमा होता. तरुणपणापासून होता आणि शेवटच्या वर्षांत तो फार बळावला. धाप लागत असताना वर्ग, कॉलेजचा कारभार आणि दर आठवड्याचा ‘सुधारक’ असं तिहेरी काम चालू होतं. त्यांचं या काळातलं लेखन वाचताना लिहिणारा माणूस आजारी आहे हे कुठेही जाणवत नाही. चिडलेला आहे हे मात्र जाणवतं.

मरणानंतर काही नाही, किंवा असेल तर आपल्याला ठाऊक नाही, असं मानणारा माणूस मरणाला कसा सामोरा जातो, हे बघायला त्यांचे विरोधकही टपलेले असणार. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय ३९ पूर्ण व्हायलाही जवळपास महिना बाकी होता. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला आणि लिहिताना ते रडत होते, असं सांगतात.

घरात उशाशी एक पुरचुंडी सापडली. तिच्यात थोडे रुपये होते आणि सोबत चिठ्ठी. आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी यशोदाबाईंना कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनी ते आधीच बाजूला काढून ठेवले होते.